तक्रार कोणी लिहून घेतली? – स्त्रीकेंद्री क्राइम थ्रिलर आणि संशोधनाचा प्रश्न

पीएच.डी.साठी मी जो पहिला आराखडा लिहिला होता, त्याचं शीर्षक होतं ‘समकालीन गुन्हेकथांमधील सबल स्त्री व्यक्तिरेखा’. पंधरा पानं होती आणि मला ती फार आवडली होती. गाइड मॅडमनी पहिल्या पानावर पेन्सिलीनं एकच ओळ लिहून तो परत दिला : सबल म्हणजे काय, आणि तू ते मोजणार कशानं?

मी आठवडाभर रुसून बसले. मग लक्षात आलं की मला खरंच उत्तर देता येत नाहीये. नायिका पोलिसात आहे म्हणून सबल? हातात पिस्तूल आहे म्हणून? शेवटी गुन्हेगार पकडला जातो म्हणून? यातलं काहीही धरलं तरी प्रबंधाचा निष्कर्ष आधीच ठरलेला होता. दहा कलाकृती घ्यायच्या, दहा नायिका सबल आहेत असं म्हणायचं, संदर्भसूची जोडायची. झालं.

पेट झालेल्या किंवा पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणींना (आणि काही जणांनाही) याच परिसरातला विषय घ्यायचा असतो. बायकांवरची हिंसा, अन्याय, आणि त्याभोवती फिरणारे थ्रिलर. विषय चांगलाच आहे. ओटीटीमुळे साहित्यही भरपूर आहे. पण नुसता विषय असून भागत नाही, त्याला प्रश्न लागतो. मला माझा प्रश्न कसा सापडला आणि तो लावल्यावर तीन कलाकृती कशा वेगळ्या दिसायला लागल्या, ते आज सांगते.

आधी ‘सबल नायिके’ची अडचण

स्वीडिश लेखक स्टीग लार्सन यांची एक कादंबरी २००५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाली. मूळ स्वीडिश शीर्षकाचा अर्थ होतो ‘बायकांचा द्वेष करणारे पुरुष’. इंग्रजीत आली तेव्हा ती ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’ झाली, आणि जगभर त्याच नावानं खपली. कथा तीच, पण पुस्तक हातात घेतानाच नजर कुठे जाते ते बदललं. मूळ नाव पुरुषांच्या द्वेषाकडे बोट दाखवतं. नवं नाव एका मुलीच्या पाठीवरच्या गोंदणाकडे बघायला लावतं.

आपल्या आराखड्यांचं नेमकं हेच होतं. हिंसा ही विषयाची जागा असते, पण शीर्षक लिहिताना आपण नायिकेचं वर्णन करायला बसतो. मग प्रबंधभर तिची हिंमत, तिचे संवाद, तिचा पेहराव. तिला लढायला लावणारी यंत्रणा कशी चालते, हे मात्र ‘पार्श्वभूमी’ नावाच्या प्रकरणात चार पानांत उरकतं.

मग प्रश्न कोणता?

थ्रिलर हा मुळात माहितीचा खेळ आहे. कोणाला काय माहीत आहे, ते कधी कळतं, आणि ते कळण्याच्या आड काय येतं, यावर सगळा थरार उभा असतो. बाईवरच्या हिंसेची गोष्ट असेल तर या ‘आड येण्या’ला आपल्याकडे एक अगदी ठोस जागा आहे. ती म्हणजे पोलीस ठाण्यातलं ठाणे अंमलदाराचं टेबल. तिथे कोणीतरी येतं, काहीतरी सांगतं, आणि समोरचा माणूस ते लिहून घेतो किंवा घेत नाही.

म्हणून माझा प्रश्न असा झाला : या कथेत तक्रार कोण करतं, ती कोण लिहून घेतं, आणि ती लिहिली जाण्याआधी किंवा न लिहिली गेल्यावर कथा काय करते?

हा प्रश्न घेतला की थोडा कायदा वाचावा लागतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी याला घाबरू नये, दोन दिवसांचं काम आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षी, दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालापाठोपाठ कायदा बदलला. बलात्कारासारख्या ठरावीक गुन्ह्यांची माहिती नोंदवून न घेणाऱ्या सरकारी नोकराला शिक्षा देणारं कलम १६६अ भारतीय दंड संहितेत आलं. आता ते भारतीय न्याय संहितेत कलम १९९ म्हणून आहे.

पण एक फट राहतेच. सज्ञान बाई घरातून निघून गेली तर तो आपोआप गुन्हा होत नाही. ठाण्यात ‘मिसिंग’ दाखल होते, एफआयआर नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा लागतो (हाही २०१३ चाच आदेश, बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवरचा). म्हणजे सतरा वर्षांची हरवली तर गुन्हा, आणि सत्तावीस वर्षांची हरवली तर एका रजिस्टरमधली एक ओळ. सज्ञान बाईला स्वतःच्या मर्जीनं जाण्याचा हक्क आहे, म्हणून ही रेषा योग्यही आहे. पण तिच्या मर्जीचा आदर म्हणून ठेवलेल्या या जागेतूनच तिच्याकडे दुर्लक्षही करता येतं. ‘गेली असेल कोणाबरोबर, येईल परत’ हे वाक्य याच फटीत राहतं.

आता कलाकृतींकडे येऊ.

‘दिल्ली क्राइम’ : तक्रार नोंदली गेल्यावर

रिची मेहता यांची ‘दिल्ली क्राइम’ २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. पहिला सीझन डिसेंबर २०१२ च्या घटनेवर आहे. २०२० मध्ये तिला सर्वोत्कृष्ट ड्रामा मालिकेचं आंतरराष्ट्रीय एमी मिळालं. शेफाली शाहनी साकारलेली डीसीपी वर्तिका चतुर्वेदी आपल्यापैकी बहुतेकांच्या आराखड्यात पहिल्या पानावर असते.

मालिकेचा एक निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रत्यक्ष अत्याचार पडद्यावर दाखवलेला नाही. तो आपल्यापर्यंत जखमांच्या वर्णनातून, डॉक्टरांच्या बोलण्यातून, जबाबातून येतो. म्हणजे हिंसा इथे ‘दृश्य’ नसून ‘नोंद’ आहे. हिंदी सिनेमाची बलात्काराचं दृश्य रंगवण्याची जुनी खोड आठवून बघा, मग हा संयम किती मोठा आहे ते कळेल.

पण आपला प्रश्न लावला की दुसरी बाजूही दिसते. इथे तक्रार नोंदली जाते की नाही हा पेचच नाही. यंत्रणा लगेच हलते आणि उरलेला सगळा थरार वेगाचा आहे : आरोपी किती दिवसांत सापडतात. ठाण्यात सोयी नाहीत, माणसं झोपलेली नाहीत, वर दबाव आहे. आपण पोलिसांच्या थकव्याशी एकरूप होतो. मग बाहेर रस्त्यावर जमलेली हजारो तरुण मुलं-मुली आपल्याला कशी वाटायला लागतात? तपासातला अडथळा. प्रत्यक्षात ती गर्दी का जमली होती? ‘नोंदच होत नाही’ हा अनुभव तिथल्या अनेकींच्या गाठीशी होता, म्हणून. कथेनं निवडलेली केस लगेच नोंदली गेलेली असल्यामुळे त्या गर्दीचा राग आपल्याला अवाजवी वाटू शकतो.

मराठी वाचकाला इथे आणखी एक गोष्ट आठवायला हवी. मथुरा प्रकरण. १९७२ मध्ये आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचं ते प्रकरण. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं, आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. म्हणजे आपल्या स्त्री चळवळीच्या एका मोठ्या टप्प्याची सुरुवातच पोलीस चौकीत घडलेल्या गुन्ह्यापासून आहे. ज्या जागेबद्दल समाजाची स्मृती अशी आहे, ती जागा पडद्यावर दिलासा देणारी कधी आणि कशी झाली, यावर एक स्वतंत्र प्रबंध होऊ शकतो. कोणी घेणार असाल तर खुशाल घ्या!

‘दहाड’ : दोन रजिस्टरांच्या मधली जागा

रीमा कागती आणि झोया अख्तर यांची ‘दहाड’ २०२३ मध्ये प्राइम व्हिडिओवर आली. राजस्थानातलं मंडावा हे छोटं गाव, आणि सोनाक्षी सिन्हानं केलेली सब-इन्स्पेक्टर अंजली भाटी. सार्वजनिक शौचालयांत बायका मृतावस्थेत सापडतात. प्रत्येक ठिकाणी ती आत्महत्या ठरते.

यामागे कर्नाटकातल्या ‘सायनाइड मोहन’ची प्रेरणा आहे. तो शाळेत शिकवत असे. हुंड्यामुळे लग्न न जमलेल्या मुली हेरायचा, हुंड्याशिवाय लग्न करतो म्हणून परगावी न्यायचा, आणि गर्भनिरोधक गोळी म्हणून सायनाइड द्यायचा. गोळी बसस्टँडच्या शौचालयात जाऊन घ्यायला सांगायचा. दागिने घेऊन पसार. २००९ मध्ये तो पकडला गेला. खटले वीस बायकांच्या खुनांचे होते.

इतक्या बायका मेल्या आणि कळलं कसं नाही? इथे आपला प्रश्न फार उपयोगी पडतो. नोंदच नव्हती असं नाही. मुलीच्या गावी ‘मिसिंग’ होती किंवा घरच्यांनी लाजेपोटी तीही केलेली नव्हती. दुसऱ्या जिल्ह्यात, जिथे मृतदेह सापडला, तिथे अनोळखी बाईच्या ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद होती. दोन रजिस्टरं, दोन टेबलं, आणि ती एकमेकांसमोर कधीच आली नाहीत. ती जोडली गेली मोबाइलच्या कॉल रेकॉर्डमधून. एका बेपत्ता मुलीच्या नंबरवरून दुसऱ्या बेपत्ता मुलीपर्यंत तपास पोचत गेला. पोलिसांनी न ठेवलेला हिशोब टेलिफोन कंपनीकडे होता.

‘दहाड’नं हे मर्म बरोबर पकडलंय. खुनी कोण हे मालिका फार लपवून ठेवत नाही. विजय वर्मानं केलेला हिंदीचा प्राध्यापक आपल्याला लवकरच कळतो. म्हणजे ‘खून कोणी केला’ हा थरार मालिकेनं स्वतःहून सोडून दिला आणि ‘कोणी बघितलं का नाही’ हा घेतला.

आणि सुरुवातीचा तो प्रसंग बघाच. एका भावाची बहीण बेपत्ता आहे. तो ठाण्यात खेटे घालतो, कोणी दाद देत नाही. त्याच वेळी वरच्या जातीतली एक मुलगी मुसलमान मुलाबरोबर निघून जाते आणि गाव पेटतं. तेव्हा या भावाला कळतं की आपलीही गोष्ट तशीच सांगायला हवी. तो म्हणतो, माझ्या बहिणीलाही मुसलमानानंच पळवलं. तपास सुरू! हे लेखकांच्या डोक्यातून आलेलं नाही. सायनाइड मोहनचं प्रकरणही २००९ मध्ये असंच पुढे सरकलं होतं. बेपत्ता मुलीच्या समाजाचे लोक ठाण्यावर गेले आणि तिला मुसलमानानं पळवलं असा आरोप झाला.

संशोधक म्हणून इथे थांबा. हा प्रसंग आपल्याला सांगतो की तक्रार ऐकली जाण्यासाठी ती खरी असून पुरत नाही. ती ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या गोष्टीसारखी दिसावी लागते. गरीब घरची, लग्न न जमलेली, सज्ञान मुलगी हरवली, ही कोणाच्याच ओळखीची ‘गोष्ट’ नव्हती. धर्माची गोष्ट जोडली आणि ती दिसू लागली, पण चुकीच्या आरोपीसह. एका निरपराध समाजावर संशय आणून एका मुलीचा शोध सुरू होतो, आणि प्रेक्षक म्हणून आपण तो सुरू झाला याबद्दल सुटकेचा श्वास टाकतो. हा आपला श्वासही तपासायला हवा.

अंजलीचं स्वतःचं नावही एक नोंदच आहे. ती दलित आहे. मूळ आडनाव मेघवाल. वडिलांनी मुलीला त्रास नको म्हणून बदललेलं. तरी ती शेजारून गेली की ठाण्यातला एक सहकारी उदबत्ती लावतो. शेवटी ती मूळ आडनाव परत घेते. अनेक परीक्षणांनी याला ‘उपकथानक’ म्हटलं. मला ते मुख्य कथानकच वाटतं, कारण कागदावर कोण कसं लिहिलं जातं हीच तर मालिकेची गोष्ट आहे.

मग तक्रार काय? तक्रार आहे. खुनी लवकर कळल्यामुळे मालिकेचा बराच वेळ त्याच्याकडे जातो. त्याचं घर, बायको, मुलगा, भूतकाळ, सावध हुशारी. मेलेल्या बायकांपैकी किती जणींबद्दल आपल्याला तितकं कळतं? आठ भाग बघून झाल्यावर मी वहीत त्यांची नावं लिहायचा प्रयत्न केला. दोनच्या पुढे जाता आलं नाही. खुन्याचं नाव मात्र विसरता विसरत नाही. दुर्लक्षावर टीका करणारी मालिका प्रेक्षकाकडून तेच दुर्लक्ष करवून घेते. मालिका वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. सीरियल किलरच्या कथाप्रकाराची ओढच खुन्याच्या डोक्यात शिरण्याकडे असते, आणि चांगल्या हेतूचे लेखकही तिच्यापुढे हरतात, एवढंच.

‘अज्जी’ : सगळ्यांना माहीत असताना

देवाशीष मखीजा यांचा ‘अज्जी’ (२०१७) हिंदी चित्रपट आहे, पण मुंबईच्या झोपडपट्टीतला. आजीचं काम ‘व्हय मी सावित्रीबाई’वाल्या सुषमा देशपांडे यांनी केलंय. दहा वर्षांच्या नातीवर बलात्कार होतो. कोणी केला हे सुरुवातीलाच कळतं : स्थानिक नेत्याचा मुलगा. पोलीस स्वतः घरी येतो, आणि नाव ऐकल्यावर घरच्यांनाच दटावून जातो. आईवडील गप्प बसतात. मग आजी खाटकाकडे जाऊन मांस कापायला शिकते.

इथे रहस्य शून्य आहे. माहितीची कमतरता नाही, रजिस्टरं जुळवायची नाहीत. सगळं माहीत असूनच नोंद नाकारलेली आहे. म्हणून हा थ्रिलर इतका हळू चालतो. आजीचं वय, तिची चाल, तिचं शिकणं, यालाच वेळ दिलाय.

शेवट काय होतो ते सांगत नाही, पण अंदाज येईलच. सूडकथेबद्दल माझी अडचण नैतिक नाही, ती आपल्या प्रश्नातूनच येते. आजीनं काहीही केलं तरी ठाण्यातलं पान कोरंच राहतं. चित्रपटाला हे ठाऊक आहे, म्हणून तो आपल्याला टाळ्या वाजवू देत नाही. पण नात? तिला काय हवं होतं, तिला काय समजलं, हे जवळजवळ कळतच नाही. तिच्या बाजूनं पोलिसानं लिहिलं नाही, आणि चित्रपटानंही फारसं लिहिलं नाही.

तीन कलाकृती शेजारी ठेवल्यावर

पहिलीत नोंद होते, दुसरीत नोंदी जुळत नाहीत, तिसरीत नोंद नाकारली जाते. त्यानुसार प्रत्येकीचा थरार बदलतो. नोंद झाली की वेगाचा, जुळली नाही की शोधाचा, नाकारली की सूडाचा. हे माझं सध्याचं गृहीतक आहे. तीन उदाहरणांवर ते सिद्ध होत नाही, म्हणून प्रबंधात मी ते आणखी कलाकृतींवर तपासतेय आणि मोडतं कुठे ते शोधतेय. मोडलं तर बरंच, तिथे नवीन प्रकरण मिळेल.

एक रास्त आक्षेप मला संशोधन परिषदेत आला होता. एका सरांनी विचारलं, ‘बाई, हे समाजशास्त्र झालं, यात साहित्य कुठाय?’ माझं उत्तर असं की मी पोलीस ठाणं तपासत नाहीये, मी कथेची रचना तपासतेय. कोणत्या पात्राला किती वेळ, माहिती कोणत्या क्रमानं, कोणाच्या नजरेतून, हे सगळे कथनमीमांसेचेच प्रश्न आहेत. कायदा मला एवढंच सांगतो की या रचनेतल्या कोणत्या गाठी लेखकानं मारल्या आणि कोणत्या आधीपासून तिथे होत्या.

तुम्ही या विषयावर आराखडा लिहिणार असाल तर कलाकृती बघताना तीन रकाने आखा. पहिल्यात : हिंसेची गोष्ट सर्वांत आधी कोण, कोणाला, कोणत्या शब्दांत सांगतं. दुसऱ्यात : ती अधिकृत कागदावर कधी येते, आणि येताना तिच्यातलं काय गळतं. तिसऱ्यात, घड्याळ लावून : पीडितेला किती मिनिटं, गुन्हेगाराला किती, तपास करणाऱ्याला किती. तिसरा रकाना कंटाळवाणा आहे, पण तोच व्हायवात वाचवतो. ‘मला असं वाटलं’ याच्या जागी ‘मी असं मोजलं’ म्हणता येतं.

आणि एक चौथा रकाना स्वतःसाठी. तेंडुलकरांच्या ‘कमला’ (१९८१) नाटकातला पत्रकार जयसिंग बाजारातून एक बाई विकत आणतो आणि बायकांची विक्री चालते याचा पुरावा म्हणून तिला पत्रकार परिषदेत उभी करतो. हेतू चांगला, बातमी खरी. पण ती कमला घरात जयसिंगच्या बायकोला सहज विचारते की तुला केवढ्याला घेतलं, आणि पुरावा म्हणून आणलेली बाई त्या घराचीच तपासणी करून जाते.

आपणही प्रबंधात या बायकांना पुरावा म्हणूनच आणतो. ‘उदाहरणार्थ’ लिहून पुढे तिचं नाव आणि कंसात वर्ष. दहाडच्या वेळी माझ्या वहीत दोनच नावं होती हे मी वर कबूल केलंय. त्यानंतर पुन्हा पहिल्या भागापासून बसले, आणि या वेळी फक्त नावं लिहीत गेले. परीक्षणाच्या दृष्टीनं त्या आठ तासांचा काहीच उपयोग नाही. पण दुसऱ्या प्रकरणाची सुरुवात आता त्या यादीनं होते, आणि गाइड मॅडमनी अजून तरी त्यावर पेन्सिल चालवलेली नाही.